मनाली मे महिन्यातच कशाला?

आमच्या जुन्या जालन्यातल्या भिशीत सहलीचा विषय निघाला की ठरलेलं वाक्य, "मुलांना सुट्ट्या लागू देत, मग बघू." म्हणजे मे महिना. नेमकं तेव्हाच टँकरची वाट बघायची, कुरडया-पापड घालायचे, लेक माहेरपणाला आलेली. घरचे फिरून येतात, बाई राहतेच!

मैत्रिणींनो, मनाली काही मेमध्येच उघडत नाही. जालन्याहून सचखंड एक्स्प्रेसने अंबाला, पुढे बस. बर्फात घसरायची हौस असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत सोलांगला स्कीइंग. कोट, बूट तिथंच भाड्यानं मिळतात. जुलै-ऑगस्ट मात्र टाळा. २०२३च्या जुलैत बियास नदीनं रस्तेच वाहून नेले होते. सप्टेंबर-ऑक्टोबरात आभाळ स्वच्छ असतं.

माझे गुडघे कुरकुरतात, म्हणून मी ऑक्टोबर धरलाय, तोही वसिष्ठ गावासाठी. तिथं देवळालगत गंधकाच्या गरम पाण्याचं कुंड आहे, बायकांचं वेगळं, आडोशाचं. दुखणं पळेल असं मी म्हणणार नाही. पण थंडीत गळ्यापर्यंत ऊन पाण्यात बसायचं नि कुणी चहा मागायचा नाही, हे काय कमी आहे? बीपी, हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधीच सुरू होतं, तारीख वहीत लिहून ठेवा. आम्ही चौघींनी ठेवलीय. घरी डबा लावलाय.