बटणामागचं डोकं

फोनवर १-२-३ वरच्या ओळीत, कॅल्क्युलेटरवर मात्र ७-८-९. कधी लक्षात आलंय? फोनची मांडणी उगाच ठरलेली नाही. अमेरिकेतल्या बेल लॅब्जने बटणांच्या आडव्या, उभ्या, अगदी डायलसारख्या गोल मांडण्यासुद्धा लोकांपुढे ठेवल्या. नंबर कुठे पटकन लागतो, बोट कुठे चुकतं, सगळं मोजलं आणि १९६०मध्ये निष्कर्ष छापले.

पिनचे आकडे चारच का? १९६७मध्ये लंडनच्या एन्फील्ड भागात बार्कलेज बँकेच्या भिंतीत पैसे देणारं यंत्र बसलं. त्याचे जनक जॉन शेफर्ड-बॅरन (जन्म आपल्या शिलाँगचा!) सहा आकडी पिनच्या विचारात होते. त्यांनीच सांगितलेली गोष्ट अशी, की पत्नी कॅरोलाइन म्हणाल्या, मला चारच लक्षात राहतात. झालं! त्या यंत्राला कार्ड नव्हतंच, किंचित किरणोत्सारी खूण असलेला चेक सरकवावा लागे. कार्डं आली तशी लोक ती विसरू लागले, कारण नोटा हातात पडल्या की माणसाच्या लेखी काम संपतं. म्हणून बरीच एटीएम आधी कार्ड परत देतात, मग पैसे.

ॲपलच्या लिसा संगणकावर, १९८३मध्ये तो बाजारात येण्याआधी, ‘डू इट’ (Do It) असं बटण होतं. चाचणीला बसलेल्या एकाने ते ‘डोल्ट’ (Dolt), म्हणजे ठोंब्या, असं वाचलं आणि तो जाम चिडला. बटणाचं ‘ओके’ झालं.

पण बटणाचा खरा उस्ताद आपल्याकडेच आहे: मतदान यंत्र. त्याला रूप दिलं आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमधल्या ए. जी. राव आणि रवी पूवय्या यांनी. मेन्यू नाही, पासवर्ड नाही. वाचता न येणाऱ्यासाठी चिन्ह, न दिसणाऱ्यासाठी ब्रेलमधले आकडे, आणि प्रत्येक उमेदवारासमोर एकच निळं बटण. दाबलं की लाल दिवा आणि लांबलचक बीप. हा बीप मतदारासाठी जितका, तितकाच पलीकडे बसलेल्या अधिकाऱ्यासाठी; आडोशामागे न डोकावता मत पडल्याचं त्याला कानाने कळतं. खात्री वाटेना म्हणून कुणी बटण दहा वेळा दाबलं, तरी मत एकच. अधिकाऱ्याने आपल्याकडचं बटण दाबल्याशिवाय यंत्र पुढचं मत घेतच नाही. बॅटरीवर चालत असल्याने गावात वीज आहे की गेलीय, याचीही फिकीर नाही. माझ्या मते स्मार्ट म्हणावं ते याला.

नोकिया ११०० आठवतो? २००३चा. धूळ आत जाऊ न देणारा कीपॅड, हातातून निसटू नये अशा कडा आणि टॉर्च! २५ कोटींहून जास्त खपला.

मराठी टायपिंगमध्येही अशी डोकी चालली आहेत. इनस्क्रिप्ट या कीबोर्ड-मांडणीत स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. ‘क’ची कळ शिफ्टसकट दाबा, ‘ख’ उमटतो. ‘ग’ची दाबा, ‘घ’. टचस्क्रीनसाठी आयआयटी मुंबईतच ‘स्वरचक्र’ हा कीबोर्ड तयार झाला. ‘क’वर बोट ठेवलं की भोवती का, कि, की, कु असं चक्र उघडतं, हव्या त्या अक्षराकडे बोट सरकवायचं. पहिलीतली बाराखडीच ती, नवं काही शिकायला नको.

‘ॲ’ची मात्र फरफट झाली. युनिकोड या संगणकातल्या अक्षरांच्या प्रमाणयादीत त्याला स्वतःची जागा मिळाली थेट २००८मध्ये. तोवर ‘अ’च्या डोक्यावर चंद्र चिकटवून वेळ मारून नेत होतो; काही कीबोर्डांवर अजूनही ‘ॲप’ लिहायला ‘ॲ’ शोधत बसावं लागतं.