घरी शुश्रूषा घेणारा रुग्ण आणि संगणकीय औषधपत्र

रुग्णालयात प्रत्येक मात्रा परिचारिकेच्या हातून जाते; घरी मात्र ती जबाबदारी रुग्णावर व त्याच्या आप्तांवर येऊन पडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधजन्य, टाळता येण्याजोगी गंभीर हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. रुग्ण एका उपचारस्थळाहून दुसऱ्याकडे जाताना होणाऱ्या चुका हा त्यातील अग्रक्रमाच्या तीन विषयांपैकी एक होय.

संगणकीय औषधपत्रामुळे दुर्वाच्य अक्षराचा दोष नाहीसा होतो. तथापि ‘औषध द्यावे’ हा आदेश जितक्या सहज पोचतो, तितक्याच सहज ‘औषध थांबवावे’ हा पोचतोच असे नाही. समजा, वैद्याने वारफॅरिन थांबवून अपिक्साबान सुरू केले. त्याच्या नोंदीतून वारफॅरिन गेले, तरी औषधविक्रेत्याकडील जुना आदेश कायम राहू शकतो. मग रक्त गोठू न देणारी दोन्ही औषधे एकाच वेळी पोटात जातात आणि प्राणघातक रक्तस्रावाचा संभव उत्पन्न होतो.

अमेरिकेत यासाठी आदेश रद्द करणारा स्वतंत्र संगणकीय संदेश योजिला आहे; परंतु तो दोन्ही बाजूंच्या यंत्रणांनी स्वीकारला, तरच उपयोगी पडतो. डेन्मार्कमध्ये वैद्य, रुग्णालय, गृहपरिचारिका व रुग्ण एकच सामाईक औषधनोंद पाहू शकतात. ही व्यवस्था अधिक निर्दोष खरी. पण घरच्या कपाटातील जुन्या गोळ्या कोणत्याही संगणकास दिसत नाहीत. म्हणून रुग्ण घरी परतताच नोंद व प्रत्यक्ष गोळ्या ताडून पाहणे, हे उपचाराचेच अंग मानले पाहिजे.