चप्पल कुठे बदलायची?

निवृत्तिनाथ महाराजांची पालखी ज्येष्ठात त्र्यंबकेश्वराहून निघते आणि आषाढी एकादशीला पंढरपुरात असते. साडेचारशे किलोमीटरच्या आसपासच्या या वाटेचा मोठा हिस्सा अहिल्यानगर जिल्ह्यातून जातो. पारेगाव, गोगलगाव, राजुरी, बेलापूर, राहुरी, डोंगरगण असे मुक्काम करत दिंड्या नगर शहरात येतात आणि पुढे साकत, घोगरगाव, मिरजगाव करत करमाळ्याच्या बाजूला उतरतात. किलोमीटरला तेराशे-चौदाशे पावले धरली, तर एकेका वारकऱ्याची पावले सहा लाखांच्या घरात जातात. एवढ्या चालीत माणसाचा निश्चय टिकतो, पण पायातली साधी रबरी चप्पल बहुधा टिकत नाही. तरीही वारीच्या तयारीत कपडे, औषधे, अंथरूण-पांघरूण या सगळ्यांचा विचार होतो आणि वाटेत झिजणाऱ्या वस्तूंचे काय करायचे हा प्रश्न मात्र त्या झिजेपर्यंत कोणी काढत नाही. लांबच्या पायी प्रवासात वस्तू झिजणार हे धरूनच निघावे आणि ती कोणत्या गावात दुरुस्त करायची, कोणत्या गावात बदलायची हे घरूनच ठरवावे, असे मला आग्रहाने मांडायचे आहे. हे ठरवले नाही, तर ते चप्पल ठरवते, आणि ती नेमकी दोन गावांच्या मधल्या उघड्या रस्त्यावर ठरवते.

झीज डोळ्यांना उशिरा दिसते, ही यातली मोठी अडचण आहे. बुटाच्या तळाला जमिनीला लागणारा रबराचा थर असतो आणि त्याच्यावर, पायाच्या खाली, फेसासारख्या मऊ पदार्थाचा थर असतो. चालताना बसणारा धक्का हा आतला थर शोषतो. रोज वीस-पंचवीस किलोमीटर वजन पडत राहिले की त्यातल्या हवेच्या बारीक पोकळ्या चेपतात आणि पुन्हा पूर्वीसारख्या फुगत नाहीत. बाहेरच्या खाचा शाबूत दिसतात, बूट नवा वाटतो, पण धक्का थेट टाच, गुडघा आणि कंबर यांच्याकडे जायला लागलेला असतो. चालण्याच्या हलक्या बुटांचे आयुष्य पाचशे ते आठशे किलोमीटर धरतात ते यासाठीच. चपलेचे वेगळे असते. ती टाचेच्या बाहेरच्या कडेला तिरकी झिजते, पाऊल रोज थोडे बाहेर कलते, आणि चार दिवसांनी घोटा दुखू लागला की दोष वयाला दिला जातो. पाठीवरच्या पिशवीचे कापड सहसा फाटत नाही. जातो तो खांद्याच्या पट्ट्याचा टाका, प्लास्टिकचे बक्कल किंवा चेनचा रनर. पट्टा एका बाजूने गेला की सगळे ओझे दुसऱ्या खांद्यावर येते आणि माणूस वाकडा चालतो. पावसाळी कपड्यांच्या आतला लेप दमट हवेत चिकट होऊन सोलतो, मग तो कोट बाहेरून कितीही चांगला दिसला तरी पाणी आत घेतो. या सगळ्यात वस्तू मोडण्याच्या बरेच आधी निकामी झालेली असते. तुटेपर्यंत वापरायची ही काटकसर वाटते, पण मधल्या काळातला खर्च शरीर भरत असते.

म्हणून लांबच्या चालीसाठी वस्तू निवडताना ती किती वर्षे चालेल याआधी ती वाटेतल्या गावात दुरुस्त होईल का, हे विचारले पाहिजे. शिवलेल्या तळाची, चामडी किंवा जाड रबरी पट्ट्यांची चप्पल राहुरीच्या बाजारातला कारागीर आरी आणि नायलॉनच्या दोऱ्याने पाच-दहा मिनिटांत उभी करतो. टायरचा तळ लावलेली वहाण तर आपल्याकडचे शेतकरी वर्षानुवर्षे पुनःपुन्हा खिळे ठोकून, टाके घालून वापरतात. याउलट साच्यात एकसंध ओतलेला बूट एकदा चिरला की त्याला टाका धरत नाही. पिशवीचे बक्कल कापडात शिवलेल्या साध्या पट्टीवर असेल, तर गावातला शिंपी दुसरे लावून देतो. ते एखाद्या खास रचनेचा भाग असेल, तर कंपनीचे दुकान पुण्यात किंवा नाशकात असते आणि आपण घोगरगावात असतो. त्या जागी त्या वस्तूच्या किमतीला काही अर्थ राहत नाही. वारीच्या वाटेवर चर्मकार बांधव ठिकठिकाणी वारकऱ्यांच्या चपला विनामूल्य शिवून देतात. ती सेवा आहेच, पण तिच्यात पिढ्यांचे व्यावहारिक शहाणपणही आहे: चालणाऱ्या माणसाला पाणी आणि अन्न यांच्या खालोखाल टाका घालणारा हात लागतो.

एकदाच भारी वस्तू घ्यावी, म्हणजे हा व्याप उरत नाही, असे यावर सांगितले जाते. ऐकायला ते बरोबर वाटते, पण जगातल्या सर्वात लांब पायवाटांचा अनुभव त्याच्या बाजूचा नाही. अमेरिकेतली अपालाचियन वाट साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास आहे आणि ती पुरी करणारे बहुतेक लोक वाटेत चार-पाच जोड बदलतात. त्यांत उत्तमातले उत्तम बूट घालणारेही असतात. 1955 साली एमा गेटवूड नावाच्या 67 वर्षांच्या आजीबाई ही वाट एकट्याने चालून गेल्या. अंगावर घ्यायला न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी आणि पायात साधे कॅनव्हासचे बूट, एवढाच त्यांचा सरंजाम. त्यांचेही अनेक जोड झिजले. ते कॅनव्हासचे बूट टिकाऊ मुळीच नव्हते. पण कुठल्याही लहान शहरात मिळतील असे होते. महागड्या बुटांचा आणखी एक धोका आपल्या हवेत विशेष आहे. पॉलियुरेथेनचा तळ वापराविना कपाटात पडून राहिला, तरी हवेतल्या ओलाव्याने आतून विरत जातो. चार-पाच वर्षे जपून ठेवलेला बूट पहिल्याच मोठ्या चालीत भुगा होऊन गळून पडतो, तो यामुळे. नर्मदा परिक्रमेला किंवा वारीला जाण्यासाठी म्हणून आधी घेऊन ठेवलेला जोड निघताना नवाच आहे, असे समजणे चुकीचे आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वाटेत नवी चप्पल घेतली की ती चावते, फोड येतात, त्यापेक्षा जुनी, पायाला सवयीची काय वाईट? हे अगदी खरे आहे आणि म्हणूनच बदलाची वेळ आधी धरावी लागते. जुनी पूर्ण मोडल्यावर नवी घेतली, तर त्याच दिवसापासून अख्खी मजल नवीवर काढावी लागते. जुनी अजून चालण्याजोगी असताना नवी घेतली, तर सकाळचे दोन तास नवी आणि उरलेली मजल जुनी, असे करत तीन-चार दिवसांत पाय तिला सरावतो. दिंडीच्या ट्रकमध्ये सामान जातेच, त्यात एक जोड जड होत नाही. वाटेत खरेदी करताना मात्र एक गोष्ट पाळावी. अनेक दिवसांच्या सलग चालीने पाऊल सुजते आणि पसरते. घरी जो नंबर बरोबर बसत होता, तो आता बोटांना लागतो. म्हणून खरेदी मुक्कामाला पोचल्यावर संध्याकाळी करावी आणि अर्ध्या-एका नंबराने मोठे घ्यावे.

अनवाणी चालणाऱ्यांची श्रद्धा या हिशोबात कुठे बसते, असे कोणी विचारील. ज्यांनी तो नेम घेतला आहे, त्यांच्या निष्ठेपुढे मी हात जोडतो. पण अनवाणी दिसणारा प्रत्येक वारकरी नेम म्हणून अनवाणी नसतो. चप्पल तुटली, पैसे मोजकेच आहेत, दुकान मागे राहिले, म्हणूनही काही जण अनवाणी होतात. ज्येष्ठातल्या उन्हात डांबर हवेपेक्षा कितीतरी तापते. त्यात मधुमेहाने तळपायाची संवेदना कमी झालेल्या माणसाला चटका कळतही नाही आणि साधी जखम महिनोनमहिने भरत नाही. पूर्वीचे लोक काही बदलत नव्हते, हेही पूर्णपणे खरे नाही. त्यांच्या वहाणा पुनःपुन्हा शिवल्या जात होत्या, आणि बरीचशी वाट मातीची होती.

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्यात, हाच विचार अधिक कडकपणे करावा लागतो. जिल्ह्याच्या बहुतेक भागात वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, तर घाटघर-रतनवाडीकडे तो काही हजार मिलिमीटर असतो. रतनगडावरून कात्राबाईची खिंड उतरून कुमशेत, पाचनईमार्गे 1,424 मीटर उंचीच्या हरिश्चंद्रगडापर्यंतची चाल दोन-तीन दिवसांची. या वाटेत चप्पल-बुटांचे दुकान नाही. वाडीतल्या घरात जेवण मिळेल, अंथरूण मिळेल, पण बुटाचा तळ मिळणार नाही. ओल्या, शेवाळलेल्या कातळावर तळ सुटलेला बूट म्हणजे सरळ अपघात. तिथे दुरुस्तीची शेवटची ठिकाणे म्हणजे अकोले, राजूर आणि शेंडी, आणि निर्णय तिथेच संपवावा लागतो. जाणते डोंगरभटके नवा बूट घेतला तरी त्याचा तळ चर्मकाराकडून चहूबाजूंनी शिवून घेतात. नुसत्या चिकटवणीवर भिस्त ठेवत नाहीत. सोबत सुई, जाड दोरा, चार हात सुतळी आणि एक जादा बक्कल एवढे ठेवले, तर गडावरून खाली येण्यापुरता जुगाड होतो. तो खाली येण्यापुरताच समजावा.

निवृत्तिनाथांच्या वाटेवर दुरुस्तीचे आणि बदलाचे ठिकाण आपोआपच ठरलेले आहे. नगर शहर येईपर्यंत निम्म्याच्या आसपास वाट सरलेली असते. इथे कापड बाजार आहे, मोची गल्ली आहे, शिंपी आहेत, औषधाची दुकाने आहेत. यानंतर करमाळ्यापर्यंत एवढी सोय एका जागी मिळत नाही. दिंडीचालकांनी नगरच्या मुक्कामी संध्याकाळच्या कीर्तनाआधी तासभर राखून प्रत्येकाची चप्पल आणि पिशवीचे पट्टे तपासायला लावावेत. ज्येष्ठ वारकऱ्यांच्या टाचेची झीज दुसऱ्याने पाहावी, कारण ती स्वतःला दिसत नाही. शहरातल्या ज्या मंडळांना अन्नदानाच्या जोडीला आणखी काही करावेसे वाटते, त्यांनी दोन-तीन कारागीर त्यांची रीतसर मजुरी देऊन तळावर बसवावेत आणि सर्व मापांच्या साध्या, शिवलेल्या चपलांचे जोड ठेवावेत.