मुठीत मिटणारे पिस्तूल

पिस्तूल लहान करावयाचे म्हणजे नळी आखूड करावी आणि दस्ता खुजा करावा, यापलीकडे बहुतेक शस्त्रकारांची कल्पना गेली नाही. परंतु पॅरिसच्या जाक तुर्बियो याने १८८२ साली ज्या पिस्तुलाच्या पेटंटाची सनद मिळविली, त्यात त्याने दस्ता मुळी ठेवलाच नाही, आणि मिटलेल्या तळहातात जी पोकळी उरते तिच्याच मापाचे, खिशातल्या घड्याळासारखे वाटोळे व चपटे यंत्र रचले. नळी तर्जनी व मध्यमा यांच्यामधून बाहेर डोकावते, मागची तरफ तळहाताच्या मांसल भागावर टेकते, आणि मूठ आवळली की त्या एकाच दाबाने काडतुसांचे चक्र एक घर सरकून बार उडतो. हाताच्या घडणीचा इतका बारकाईने विचार करणारा शस्त्रकार विरळाच.

त्याची खरी प्रतिभा मात्र चक्राच्या रचनेत दिसते. नेहमीच्या रिव्हॉल्व्हरात काडतुसे परस्परांना समांतर बसतात, म्हणून चक्र फुगीर होते. तुर्बियोने ती केंद्रापासून परिघाकडे, त्रिज्यांच्या दिशेने मांडली, आणि चक्राची जाडी एका काडतुसाच्या रुंदीहून थोडीच अधिक राहिली. पण भूमितीने आपला वसूल घेतलाच. चक्राच्या व्यासात काडतुसाची लांबी दोनदा मावली पाहिजे आणि मध्यभागी आघात करणाऱ्या भागालाही जागा हवी; तळहात काही वाढत नाही, तेव्हा काडतूसच तोकडे झाले, त्यात दारू थोडी राहिली आणि गोळी दुर्बळ झाली. शिवाय काही गोळ्यांची तोंडे सदैव धरणाऱ्याच्याच तळहाताकडे! अमेरिकेत जॉन कॉक्रनने १८३७ मध्ये घरे अशीच त्रिज्यांच्या दिशेने असलेल्या आडव्या चक्राचे रिव्हॉल्व्हर केले होते. त्या काळी दारू घरांत सुटी भरावी लागे, आणि एका घराची आग दुसऱ्यात शिरण्याचे भय असे. धातूच्या बंद काडतुसाने ते भय पुष्कळ कमी केले, म्हणूनच तुर्बियोला हे धाडस साधले.

पुढे शिकागोच्या पीटर फिनेगनने या पिस्तुलाचे सात बारांचे रूप बाजारात आणावयाचे ठरवून एम्स या तलवारी करणाऱ्या कारखान्याशी २५,००० नगांचा करारनामा केला. १८९३ च्या जागतिक प्रदर्शनात ती विकावी हा त्याचा बेत होता, पण माल मुदतीत आला नाही आणि प्रकरण दिवाणी कज्ज्यापर्यंत गेले.

तथापि या पिस्तुलाचा घात कज्ज्याने केला असे मला वाटत नाही. काडतुसे पुन्हा भरावयाची तर झाकण उघडून चक्रच बाहेर काढावे लागे. उलट शस्त्रकार ब्राउनिंगच्या आराखड्यावरून बेल्जियममध्ये निघालेल्या खिशातल्या स्वयंचलित पिस्तुलांत काडतुसांची पेटी दस्त्यातच सरकवता येई, पिस्तूल चपटेही राही, आणि प्रत्येक गोळीचे तोंड पुढेच असे.