कारखान्याआधी आकडे

उसाचे गुऱ्हाळ असो, साखर कारखाना असो वा कापसाची जिनिंग, शेतमालावर उभ्या राहणाऱ्या कोणत्याही उद्योगाला प्रारंभीच तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात: माल किती मिळेल, केव्हा मिळेल आणि किती अंतरावरून आणावा लागेल? ऊस तोडल्यावर त्यातील साखर तासागणिक घटू लागते. त्यामुळे अंदाज चुकला तर यंत्रे रिकामी राहतात किंवा शेतकऱ्याचा ऊस फडातच वाळतो.

या बाबतीत महाराष्ट्राचा अनुभव बोलका आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या लाभक्षेत्राची पाहणी केली. तिचा अहवाल १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. पाण्यामुळे पिके, मजुरी, व्यापार आणि वाहतूक यांत काय पालट झाला, याची त्यात गणना आहे. पुढे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा त्याचे अध्यक्षपद गाडगीळांकडेच आले. परिसराची मोजदाद करणारा अर्थशास्त्रज्ञच कारखान्याच्या कारभारात असावा, हा योग विरळा म्हटला पाहिजे.

मात्र मोजणे सोपे नाही. बंगालमध्ये तागाच्या पाहणीत प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी लहान वर्तुळाकार तुकड्यांतील पीक कापून उत्पन्नाचा अंदाज बांधण्याची पद्धत वापरली. सातारा जिल्ह्यातील बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४६ मध्ये दाखवून दिले की, तुकडा फार लहान असला की कडेची रोपे आत धरली जातात आणि उतारा प्रत्यक्षाहून अधिक दिसतो. वाद केवळ विद्वानांचा नव्हता. त्यावर देशातील अन्नधान्याचा हिशेब अवलंबून होता. क्षेत्राच्या नोंदीतही असाच दोष शिरतो. युगांडातील पाहणीची सांगड उपग्रहाधारित यंत्राच्या मोजणीशी घातली असता, लहान शेतकरी आपली जमीन अधिक सांगतात व मोठे कमी सांगतात, असे आढळले. अशा कच्च्या आकड्यांवर खत, गोदाम वा कर्जपुरवठ्याचे नियोजन केल्यास पैसा भलत्याच ठिकाणी जातो.

आपल्याकडे क्षेत्राचा पाया म्हणजे गाव नमुना बारा. त्यातील पिकांच्या नोंदी तलाठी करीत. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाइलवर छायाचित्रासह नोंद करू लागले. सोय मोठी आहे; पण आंतरपिकांची नोंद राहून गेली, किंवा लावणीनंतर पीक मोडले तरी नोंद तशीच राहिली, तर बारामध्ये एक आणि शिवारात दुसरेच, अशी अवस्था होते. कांद्याच्या बाबतीत तर क्षेत्राची बातमी उशिरा पोहोचली की चाळी अपुऱ्या पडतात व भाव कोसळल्यावरच लागवडीचा अंदाज हाती येतो.

पीक विम्यात याचा परिणाम थेट शेतकऱ्याच्या पदरात पडतो. महसूल मंडळातील मोजक्या कापणी प्रयोगांवरून साऱ्या मंडळाचे सरासरी उत्पन्न ठरते. यदृच्छेने निवडलेले शेत सोडून सोयीचे शेत धरले, तर शेकडो खातेदारांची भरपाई बदलते. म्हणून निवडलेला गट क्रमांक तोच आहे ना, तुकडा मापाचाच आखला ना आणि वजन कापणीच्याच वेळी झाले ना, एवढे पंचायत सदस्याने बांधावर उभे राहून पाहावे. शाळेतील गणिताच्या शिक्षकांनीही एखाद्या प्रयोगास विद्यार्थी नेण्यास हरकत नाही. सरासरी म्हणजे काय, हे तेथे फळ्यावाचून कळते.