सफाई करताना सुई टोचली तर? पहिले ७२ तास वाया घालवू नका

सकाळी घंटागाडी येते, आपण डबा रिकामा करतो आणि मोकळे होतो. पुढं त्या कचऱ्यात कुणाला तरी हात घालावा लागतो, हे लक्षात राहत नाही. ओला-सुका वेगळा करताना ग्रामपंचायतीच्या सफाई कामगाराच्या बोटात सुई घुसते. दवाखान्यात चादरी गोळा करणाऱ्या मावशींना, कचऱ्याची पिशवी बांधणाऱ्या मामांना पण असंच होतं. थेंबभर रक्त येतं, बोट तोंडात घातलं जातं, चिंधी बांधली की काम पुढं चालू. "एवढ्यानं काय होतंय" म्हणून विषय मिटतो.

पण हा विषय मिटवण्यासारखा नाही. सुई टोचल्यावर काय करायचं ते ठरलेलं आहे, औषध आहे, आणि सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळतं. फक्त ते वेळेत घ्यावं लागतं.

सुईतून काय येऊ शकतं?

वापरलेल्या सुईच्या पोकळीत दुसऱ्याचं रक्त राहतं. त्यातून मुख्य तीन आजार येऊ शकतात. हिपॅटायटीस बी, हिपॅटायटीस सी आणि एचआयव्ही. पहिले दोन म्हणजे यकृताला सूज आणणारे कावीळीचे प्रकार.

सगळे घाबरतात एचआयव्हीला. पण एचआयव्ही असलेल्या माणसाच्या रक्ताची सुई टोचली, तरी लागण होण्याची शक्यता साधारण ३०० त १ इतकीच असते. हिपॅटायटीस सी ची शक्यता १०० त २ च्या आसपास. हिपॅटायटीस बी चं मात्र तसं नाही. लस घेतलेली नसेल तर १०० त ३० पर्यंत शक्यता जाते. शिवाय हा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस जिवंत राहू शकतो. म्हणून "सुई जुनी होती, वाळलेली होती" हे काही समाधान नाही.

टोचल्याबरोबर काय करायचं?

१. हातातलं काम थांबवा. हातमोजा काढा आणि वाहत्या पाण्याखाली साबणानं जागा नीट धुवा.

२. बोट दाबून, पिळून रक्त काढू नका. तोंडात तर अजिबात घालू नका.

३. जखमेवर ब्लिचिंग, स्पिरिट, फिनेल, चुना, तंबाखू काही लावू नका. त्यानं विषाणू मरत नाही, उलट कातडीला इजा होते.

४. रक्त किंवा घाण पाणी डोळ्यात उडालं तर साध्या पाण्यानं डोळा भरपूर धुवा. साबण नको.

५. लगेच सांगा. दवाखान्यात असाल तर डॉक्टर किंवा सिस्टरना, ग्रामपंचायतीत असाल तर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना. सुई कुठली होती, कुठल्या रुग्णाची होती हे माहीत असेल तर तेही सांगा.

७२ तासांचं गणित

एचआयव्ही होऊ नये म्हणून टोचल्यानंतर घ्यायच्या गोळ्या असतात. त्याला 'पीईपी' म्हणतात. पहिली गोळी शक्यतो दोन तासांच्या आत घ्यावी. जास्तीत जास्त मर्यादा ७२ तासांची. त्यानंतर गोळ्या सुरू करून फायदा धरता येत नाही. गोळ्या २८ दिवस रोज घ्यायच्या असतात. मळमळ होते, चक्कर आल्यासारखं वाटतं, म्हणून मधेच बंद करू नयेत, डॉक्टरांना दाखवावं.

यासाठी तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय किंवा जिल्हा रुग्णालय गाठा. गोळ्या द्यायच्या की नाही ते डॉक्टर ठरवतील. तुमचं काम एवढंच, की वेळ न घालवता तिथं पोहोचायचं. "उद्या बाजाराला जायचंच आहे, तेव्हा दाखवू" असं करू नका. एचआयव्हीबद्दल माहिती हवी असेल तर १०९७ हा सरकारी हेल्पलाइन नंबर टोल-फ्री आहे.

हिपॅटायटीस बी ची लस झालेली नसेल, तर तीही टोचल्यानंतर लवकरात लवकर, शक्यतो २४ तासांत सुरू करतात. हिपॅटायटीस सी वर लस नाही, पण आजार झालाच तर गोळ्यांनी बरा होतो. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कावीळ नियंत्रण कार्यक्रमात त्याची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. सोबत धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारून घ्या.

त्याच दिवशी रक्ताची पहिली तपासणी होते आणि पुढं डॉक्टर सांगतील त्या तारखांना पुन्हा. "काही त्रास नाही, मग कशाला जायचं" असं म्हणून या तपासण्या चुकवू नका, कारण सुरुवातीला त्रास जाणवतच नाही. शेवटचा रिपोर्ट येईपर्यंत रक्तदान करू नये आणि नवरा-बायकोच्या संबंधात निरोध वापरावा.

खरी ढाल टोचण्याच्या आधीची

हिपॅटायटीस बी ची लस तीन डोसांची असते. पहिला डोस, त्यानंतर एक महिन्यानं दुसरा आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या कामगारांना लहानपणी ही लस मिळालेली नसते, कारण सरकारी लसीकरणात ती फार नंतर आली. म्हणजे ज्यांचे हात रोज कचऱ्यात असतात, त्यातले बरेच जण बिनलशीचे आहेत. तीनही डोस पूर्ण करा आणि त्याचं कार्ड जपून ठेवा.

हातमोज्यांबद्दलही एक गैरसमज आहे. तपासणीचे पातळ पांढरे मोजे सुई अडवत नाहीत. कचऱ्यासाठी कोपरापर्यंतचे जाड रबरी हातमोजे आणि गमबूट लागतात. त्यातूनही सुई जाऊ शकते, म्हणून कामाची पद्धत बदलायला हवी. कचरा हातानं न उचलता चिमट्यानं किंवा फावड्यानं उचला. पिशवी भरली म्हणून हातानं, पायानं दाबू नका. बांधलेली पिशवी गळ्याशी धरून, अंगापासून लांब ठेवून न्या. पाठीवर, काखेत नको. चादर, कपडे झटकू नका.

मावशींना टोचलेली सुई मावशींनी वापरलेली नसते

दवाखान्यातल्या कचऱ्यासाठी २०१६ चे जैववैद्यकीय कचरा नियम आहेत. त्यात रंग ठरलेले आहेत. रक्तानं भरलेला कापूस, पट्ट्या पिवळ्या पिशवीत. सलाईनच्या नळ्या, बाटल्या, सुई काढलेल्या सिरिंज, हातमोजे लाल पिशवीत. सुया आणि ब्लेड पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. काचेच्या औषधाच्या बाटल्या निळ्या खुणेच्या डब्यात.

यातला पांढरा डबा सगळ्यात महत्त्वाचा. इंजेक्शन देणाऱ्यानंच सुई तिथल्या तिथं त्या डब्यात टाकायची असते. ती गादीवर, ट्रेमध्ये किंवा लाल पिशवीत राहिली, की पुढं कुणाच्या तरी हातात घुसते. ज्याच्या हातात घुसते त्याचा पगार सगळ्यात कमी असतो आणि त्याला बोलायची भीतीही असते.

याच नियमांनुसार कचरा हाताळणाऱ्या सगळ्यांना हिपॅटायटीस बी आणि धनुर्वाताची लस, कामावर घेताना आणि नंतर दरवर्षी प्रशिक्षण, वर्षातून किमान एकदा आरोग्य तपासणी आणि सुरक्षेचं साहित्य देणं ही दवाखान्याची जबाबदारी आहे. माणूस कायम आहे की ठेकेदाराचा, यानं ती जबाबदारी टळत नाही. टोचल्याची नोंदही ठेवायची असते. हे नियम छोट्या क्लिनिकला आणि जनावरांच्या दवाखान्यालाही लागू आहेत.

ब्लिचिंग, ॲसिड आणि फिनेल

फरशीवर थोडं रक्त सांडलं तर लगेच पोछा फिरवू नका, त्यानं ते पसरतं. हातमोजे घालून त्यावर जुनं कापड किंवा कागद टाका, वरून ब्लिचिंगचं पाणी ओता, किमान १० मिनिटं थांबा, मग उचला. हे पाणी करायला १ लिटर पाण्यात ३० ग्रॅम ब्लिचिंग पावडर पुरते. पाणी रोज नवं करा, शिळ्या पाण्याचा जोर उतरतो. संडासचा पोछा वॉर्डात वापरू नका.

आणि एक गोष्ट कधीच करू नका. ब्लिचिंगमध्ये ॲसिड किंवा संडास साफ करायचं लिक्विड मिसळू नका. "दोन्ही टाकलं की चकाचक होतं" असं काही जण सांगतात, पण त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. बंद संडासात तो जिवावर बेतू शकतो. चुकून मिसळलं गेलं आणि डोळे-घसा जळायला लागला, तर सगळं तसंच सोडून मोकळ्या हवेत या.

कचऱ्यात सुई टाकतं कोण?

गावच्या कचऱ्यातली सुई बहुतेक वेळा आपल्याच घरातली असते. मधुमेहाच्या रुग्णांची इन्सुलिनची सुई असते, घरी येऊन इंजेक्शन देणाऱ्यानं मागं ठेवलेली असते. आम्हा शेतकऱ्यांच्या गोठ्यातली तर असतेच. गाईला इंजेक्शन झालं की सुई उकिरड्यावर जाते, आणि पुढं शेणखत भरताना आपल्याच माणसाच्या हाता-पायात घुसते. २०१६ च्या घनकचरा नियमांत घरातल्या वापरलेल्या सुया, मुदत संपलेली औषधं आणि कीटकनाशकाचे डबे हे 'घरगुती घातक कचरा' म्हणून वेगळे मोजले होते. नेहमीच्या डब्यात ते टाकायचेच नाहीत.

उपाय बिनखर्चाचा आहे. झाकणाची एक जाड प्लास्टिकची बाटली किंवा कॅन घ्या. त्यावर मोठ्या अक्षरात 'सुया' लिहा आणि पोरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावायचा प्रयत्न करू नका, तेव्हाच बोटात घुसते. सुई थेट बाटलीत टाका. बाटली पाऊण भरली की झाकण घट्ट लावा आणि आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून तिथं द्या. जनावरांच्या सुया डॉक्टरांनाच परत न्यायला सांगा.

येत्या ग्रामसभेत रस्ता, गटार, पाणी यांच्यासोबत तीन प्रश्न विचारा. आपल्या सफाई कामगारांना जाड हातमोजे आणि गमबूट मिळाले का? त्यांचे हिपॅटायटीस बी चे तीन डोस झाले का? आणि उद्या कुणाला सुई टोचली, तर त्याला तालुक्याला नेणार कोण? तिसऱ्या प्रश्नाला एका माणसाचं नाव आणि मोबाईल नंबर हे उत्तर मिळायला हवं. तो नंबर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहून घ्या, आणि दवाखान्यात गेलेल्या दिवसाची कामगाराची मजुरी कापली जाणार नाही, हेही त्याच सभेत ठरवून टाका. मजुरी बुडेल म्हणून टोचलेलं लपवलं जातं, आणि लपवण्यातच ते ७२ तास निघून जातात.