लहान मेंदू, सूक्ष्मदर्शकाखाली

जागा : कवटीत मागे, मोठ्या मेंदूच्या खाली. शास्त्रीय नाव अनुमस्तिष्क. आकारमान मेंदूच्या जेमतेम 10 टक्के. पण एकूण सुमारे 86 अब्ज चेतापेशींपैकी 69 अब्ज इथेच.

थर तीन : आत दाणेदार पेशींची दाटी, बाहेर तंतूंचा थर, मधे पुर्किंजे पेशींची एकेरी रांग.

पुर्किंजे पेशी : चेक शास्त्रज्ञ यान पुर्किंजे यांनी 1837 मध्ये वर्णन केले. फांद्यांचा पसारा पंख्यासारखा, समोरून रुंद, बाजूने चपटा. तिला लाखाच्या घरात समांतर तंतू भिडतात. चढता तंतू मात्र एकच. या तीन थरांच्या बाह्यकातून बाहेर जाणारा संदेश फक्त हिचा, आणि तोही रोखणारा.

रंगाची करामत : कामिल्लो गोल्जी यांची चांदीच्या क्षाराची पद्धत, 1873. मोजक्याच पेशी काळ्या होतात, म्हणून तर एकेक सुटी दिसते! स्पॅनिश शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांनी 1888 मध्ये पक्ष्यांच्या लहान मेंदूवर ती वापरली. गोल्जींच्या मते चेतातंतूंचे अखंड जाळे, काहालांच्या मते स्वतंत्र पेशी. 1906 चे नोबेल दोघांना विभागून.

मुंबईचा दुवा : डॉ. नोशीर वाडिया व आर. के. स्वामी, 1971. नऊ कुटुंबांतील आनुवंशिक विकार : तोल जातो, नजर संथ सरकते. आजचे नाव ‘एससीए-2’. जनुक सापडले 1996 मध्ये. या विकारात पुर्किंजे पेशी झडतात.